घाट मॅडम

परीक्षा पास झाल्याची बातमी मी सगळ्यांत आधी घाट मॅडमना दिली. हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून फोन लावला आणि म्हटलं, "मॅडम, मी पास झाले!"

मॅडम म्हणाल्या, "सांगतेस की विचारतेस?"

"सांगतेय, मॅडम."

"मग 'झाले' वर का गेलं? पुन्हा म्हण."

जिन्यातून पेशंटचे नातेवाईक डबे घेऊन वर-खाली करत होते. त्यांच्या देखत मी पुन्हा एकदा पास झाले, या वेळी वाक्याचा शेवट नीट खाली आणून. "आता कळलं," मॅडम म्हणाल्या. "अभिनंदन. पेढे आणू नकोस, मला शुगर आहे." आणि फोन ठेवला.

त्या सगळ्यांशी अशाच वागत. गॅसवाला, बँकेतली बाई, सोसायटीचा सेक्रेटरी, कुणाचीही सुटका नव्हती. एकदा टेम्पोतून भाजी विकणारा दारात येऊन म्हणाला, "मेथी ताजी हाय मॅडम." मॅडमनी विचारलं, "सांगतोस की विचारतोस?" तो म्हणाला, "आवं, सांगतोय की!" "मग खाली उतर," मॅडम म्हणाल्या. तो बिचारा टेम्पोतून खाली उतरला. मॅडमनी त्याच्याकडं बघितलं, मेथीची जुडी घेतली आणि पुढं काही समजावून सांगितलं नाही. त्यानंतर तो आमच्या क्लाससमोर आला की आपण होऊन खाली उतरून उभा राहायचा.

मॅडम सांगलीतल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. नोकरीभर त्यांनी कविता शिकवल्या, व्याकरण शिकवलं, पेपर तपासले. निरोप समारंभात मुलींनी इंग्रजीतून भाषणं केली, ती ऐकताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्या एकाही विद्यार्थिनीला इंग्रजीतून कुणाला नीट 'नाही' म्हणता येत नाही. "म्हटलं तर भांडल्यासारखं वाटतं, नाहीतर 'हो'च वाटतं," त्या सांगायच्या. समारंभातला नारळ घरी नेऊन ठेवला आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी विश्रामबागेतल्या घराच्या पुढच्या खोलीत क्लास काढला. पाटी लावली, 'बोलायचं इंग्रजी'. खाली बारीक अक्षरात, 'व्याकरण शिकवलं जाणार नाही'. पालक पाटी वाचून परत जात.

अण्णांचा, म्हणजे मॅडमच्या यजमानांचा, हळदीचा व्यापार होता. नमुन्याच्या हळदीच्या पिशव्या त्याच खोलीच्या कोपऱ्यात असायच्या. क्लासवरून आलं की माझ्या ओढणीला हळदीचा वास यायचा. हॉस्टेलवरच्या मुलींना बरेच दिवस वाटत होतं की माझं लग्न ठरलंय आणि मी सांगत नाही.

फळ्यावर मॅडम शब्द फार कमी लिहायच्या. वाक्य तोंडानं म्हणायच्या आणि हातानं फळ्यावर त्याची चाल काढायच्या. आवाज कुठं चढला, कुठं वळला, कुठं उतरला, ते एका रेघेत. वर्ग सुटताना फळा बघितला तर कुणीतरी सातारा जिल्ह्यातल्या सगळ्या घाटांचा नकाशा काढलाय असं वाटायचं. मेढ्याच्या एका पोरानं त्यातल्या एका रेघेला 'हा आमचा केळघर घाट' म्हटलं आणि त्या दिवसापासून त्या घाट मॅडम झाल्या. त्यांना हे माहीत होतं. त्यांचं म्हणणं एवढंच की नाव घेताना 'घाट'वर जोर द्यावा, 'मॅडम'वर नको.

विद्यार्थ्यांना त्या गावाच्या नावानं हाक मारत. मी 'शिराळा', नागपंचमीच्या नागांचं गाव. पहिल्या दिवशी त्यांनी मला उभं करून एक वाक्य बोलायला लावलं. मी म्हटलं, "माय नेम इज सो अँड सो, आय अ‍ॅम अ स्टाफ नर्स." मॅडमनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाल्या, "शिराळ्याची शोभतेस. प्रत्येक वाक्य शेवटाला फणा काढतं."

मला परदेशात नर्स म्हणून जायचं होतं. त्यासाठी बोलण्याची परीक्षा असते. परीक्षा घेणारा पेशंट होऊन बसतो आणि आपण नर्स व्हायचं. पहिल्या वेळी मी नापास झाले. शब्द सगळे बरोबर होते. नंतर त्याच परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या एका सरांनी माझं बोलणं ऐकलं आणि सांगितलं, पेशंटला वाटेल तुम्ही त्याला अटक करायला आलाय. शेतात राबणाऱ्या आईबापानं मला नर्सिंगला घातलं होतं, धाकट्या भावाचं शिक्षण व्हायचं होतं, आणि माझं सगळं अडलं होतं ते 'प्लीज सिट डाऊन' या तीन शब्दांवर.

"प्लीज म्हटलं होतं मी," मी मॅडमना सांगितलं.

"'प्लीज' शब्दात नसतं, चालीत असतं," त्या म्हणाल्या. "तुझ्या चालीत पोलीस आहे."

त्यांनी मला आठवडाभर इंग्रजी बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, "तुझ्या आईचं 'व्हय' ऐकव."

मला काही कळेना. भर वर्गात लाजही वाटत होती. पण त्या हटेनात. म्हणाल्या, वडिलांनी काहीतरी सांगितलं आणि आईला ते पटलं नाही, तर आई कशी 'व्हय' म्हणते? मी म्हटलं. शेजारीण चहाडी सांगते तेव्हा? तेही म्हटलं. तू हॉस्टेलवरून फोन करून 'जेवले' म्हणतेस आणि आईला ते खरं वाटत नाही, तेव्हा? मी आईसारखं लांबवून, आधी खाली आणि मग हळूच वर नेऊन म्हटलं, "व्हऽय?" वर्ग हसला. मॅडम फळ्याकडं वळल्या आणि माझ्या आईच्या 'व्हय'ची रेघ काढली. मग त्याच रेघेवरून खडू फिरवत म्हणाल्या, "आर यू शुअर?" हुबेहूब माझी आई, फक्त इंग्रजीतून.

"सगळं तुमच्या घरात आहे," त्या म्हणाल्या. "इंग्रजी बोलायला लागलात की दाराबाहेर चपलांसारखं काढून ठेवता."

आमच्या वर्गात एक हवालदार काका होते. मेढ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले, मुलाच्या घरी कुपवाडला राहायचे. त्यांची मुलगी कॅनडात होती आणि तिची पोरगी आजोबांशी फोनवर बोलताना रडायची. तिला मराठी येत नव्हतं. काकांना इंग्रजी येत होतं, पण ते सगळं परेडच्या मैदानावर शिकलेलं. "हाऊ आर यू! स्टडी! गुड! गुड नाईट!" एवढं झालं की पोरगी आईला बिलगायची.

"मी काय वंगाळ बोललो न्हाई मॅडम," काका म्हणाले. "गुडच म्हणलं. दोनदा म्हणलं."

मॅडमनी त्यांना विचारलं, ती इथं समोर असती तर मराठीतून काय म्हणाला असता? काका कुणाकडं न बघता, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "जेवलीस का गं माझे बाय?" तोवर त्यांचा हा आवाज आम्ही कुणीच ऐकला नव्हता. मॅडमनी रेघ काढली. मग काकांना त्या रेघेवरून 'डिड यू ईट, माय डिअर' म्हणायला शिकवलं. शब्द बसले, चाल बसेना. काका गल्लीतल्या कुत्र्यावर सराव करायला लागले. ते कुत्रं फौजी आवाजाला घाबरून पळायचं. ज्या दिवशी ते जागचं हललं नाही, त्या दिवशी काकांनी वर्गातच फोन लावला.

स्पीकरवर पोरीचा आवाज आला. काका म्हणाले, "डिड यू ईट, माय डिअर?" पलीकडे पोरगी जी बोलायला लागली ती थांबेचना. शाळा, कुठलंतरी पाळलेलं जनावर, मैत्रिणीचा वाढदिवस. काका फोन दोन्ही हातांत धरून बसले होते. फोन ठेवल्यावर त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "काय म्हणाली ते न्हाई समाजलं," ते म्हणाले, "पर लय लांबलचक म्हणाली."

मॅडम म्हणाल्या, "उद्या लक्ष देऊन ऐकायचं शिकू." आणि पुढच्या मुलीला उभं केलं. कौतुक करायची त्यांची तेवढीच पद्धत होती.

दुसऱ्या खेपेला मी पास झाले. नोकरी ठरली, कागदपत्रं गेली. व्हिसा आला त्या दिवशी मी दुपारच्या सुट्टीत मॅडमना फोन केला. आनंदाच्या भरात माझं वाक्य असं चढलं की शिराळ्याच्या नागानं बघत राहावं. मी बोलणी खायला तयार होते.

मॅडम म्हणाल्या, "बरं झालं. ये घरी."

एवढंच. आणि ते एवढंसुद्धा कसं, तर फळ्यावर काढायचं झालं असतं तर पट्टी लावून काढावं लागलं असतं. चढ नाही, उतार नाही. मी सुट्टी टाकली आणि रिक्षा केली.

दार अण्णांनी उघडलं. मला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "काल सकाळपासनं माझ्यावर रागावलीय. काय केलं मी ते सांगत न्हाई. चहा पाहिजे का विचारलं तर 'पाहिजे' म्हणाली, पण असं म्हणाली की मला चहा करायचं धाडस झालं न्हाई."

मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "आलीस. बस." चेहरा नेहमीचा होता. आवाज मात्र रेल्वेच्या वेळा सांगणाऱ्या यंत्राचा. मी त्यांना दोन्ही हात समोर धरायला सांगितले. उजवा राहिला. डावा हळूहळू खाली आला. त्यांनी स्वतः त्या हाताकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हा उतरतोय." मी अण्णांना गाडी काढायला सांगितली.

मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी होती, लहान. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, हात सुधारेल, शब्द सगळे शाबूत आहेत. मग जरा अडखळत त्यांनी सांगितलं की बहुतेक माणसांत शब्द मेंदूच्या डाव्या अंगाला सांभाळले जातात आणि बोलण्यातला सूर उजव्या. तो परत येईल का, हे सांगता येत नाही.

"म्हणजे नेमकं माझंच सामान गेलं," मॅडम म्हणाल्या.

हसावं की धीर द्यावा हे डॉक्टरांना कळेना. मॅडमनी थोडी वाट बघितली आणि म्हणाल्या, "हा विनोद होता."

तिथून पुढं त्यांना प्रत्येक गोष्ट अशी सांगावी लागायला लागली. "हा प्रश्न आहे. तू जेवलीस." "हे मी मजेत म्हणतेय. अण्णा फार शहाणे आहेत." पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलीचा फोन आला की ती पाचेक वाक्यांत रडायला लागायची, आई माझ्यावर चिडलीस का म्हणून. मॅडम तिला सांगायच्या, "मी चिडलेली नाही. वाक्य सपाट आहे, मी नाही." पण तेही वाक्य सपाटच असायचं, आणि मुलगी आणखी रडायची. शेवटी फोन अण्णांकडं जायचा.

दुसऱ्याचं बोलणं त्यांना पहिल्यासारखंच ऐकू येत होतं. गॅसवाल्याचं वाक्य चढलं की त्यांच्या भुवया वर जायच्या. फक्त स्वतःचं काही जमत नव्हतं. एका दुपारी मी औषधं द्यायला गेले तेव्हा पुढच्या खोलीत त्या एकट्याच फळ्यासमोर उभ्या होत्या. फळ्यावर त्यांनी उजव्या हातानं वेगवेगळ्या रेघा काढल्या होत्या. 'सॉरी' या शब्दाचा हा त्यांचा आवडता धडा. ऐकू आलं नाही तर कसं म्हणायचं, चुकलं तर कसं, कुणाला वाट सोडायला लावायची तर कसं. त्या एकेका रेघेवर बोट ठेवत होत्या आणि म्हणत होत्या, "सॉरी." पुढच्या रेघेवर बोट. "सॉरी." सगळे एकसारखे. मी दारातच थांबले.

त्यांनी न वळताच सांगितलं, "आत सगळं वाजतंय. बाहेर येत नाही." मग बोट तसंच फळ्यावर ठेवून म्हणाल्या, "मला फार वाईट वाटतंय. हे तुला ऐकू येणार नाही म्हणून सांगतेय."

मी जवळ जाऊन त्यांचा हात धरला.

क्लास बंद होणार हे आम्ही धरून चाललो होतो. बरीच मुलं गेलीही. हवालदार काका मात्र रोज वेळेवर येऊन आपल्या खुर्चीत बसायचे. शिकवायला कुणी नसलं तरी वेळ संपेपर्यंत बसायचे. एक दिवस मॅडम बाहेर येऊन समोर बसल्या. त्यांनी उजवा हात हवेत उचलला, हळूहळू वर नेला, वळवला आणि खाली आणला. काका बघत राहिले. मॅडमनी पुन्हा तसंच केलं आणि सपाट आवाजात म्हणाल्या, "व्हेअर इज द पेन."

काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी मॅडमच्या हाताकडं बघत तेच वाक्य म्हटलं, हाताबरोबर चढून हाताबरोबर उतरून.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.

क्लास तसा पुन्हा सुरू झाला. शब्द मॅडमचे, चाल मॅडमच्या हाताची, आवाज हवालदारांचा. नव्या मुलींना सुरुवातीला हे सगळं काय चाललंय ते कळायचं नाही. मग सवय व्हायची. त्यामुळं झालं असं, की त्या वर्षी आमच्या भागातून परदेशी गेलेल्या नर्सची एक अख्खी तुकडी मेढ्याच्या हवालदारासारखं इंग्रजी बोलते. त्यांच्यावर पेशंट खूश असल्याचं मी ऐकते. आपल्याला आजोबांनी विचारल्यासारखं वाटतं, असं एका पेशंटनं एकीला सांगितलं म्हणे.

मला निघायचं होतं तो दिवस जवळ आला. जाववत नव्हतं. मॅडमना मी तसं म्हटलंही, की अजून काही महिने थांबते, नोकरीवाल्यांना कळवते. मॅडम म्हणाल्या, "हा राग आहे. नीट ऐक. मूर्खपणा करू नकोस."

या सगळ्या दिवसांत अण्णांच्यात एक बदल होत होता. आधी ते घरात बोलायचे ते पाठमोरे. हिशेब करता करता, पेपरामागून, आतल्या खोलीतून. मॅडमच्या आवाजावरून त्यांना सगळं कळायचं, बघायची गरजच पडायची नाही. आता आवाजावरून काही कळेना, तेव्हा ते मॅडमसमोर खुर्ची ओढून बसायला लागले. मॅडम बोलायच्या आणि अण्णा त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत बसायचे, हळदीचं कांडं मोडून आतला रंग बघावा तसे. सुरुवातीला चुकायचे. मॅडम म्हणायच्या, "नाही, हा विनोद होता." मग चुका कमी झाल्या. मुलीचा फोन आला की स्पीकर लावून अण्णा शेजारून सांगायचे, "हसतीय गं. डोळं बघ की, व्हिडिओ लाव."

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी निरोप घ्यायला गेले. आई बरोबर होती, शिराळ्याहून आलेली. तिनं मॅडमना साडी आणली होती. मॅडमनी साडी मांडीवर घेतली, तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आवडली." आईनं घाबरून माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं, नाही आवडली.

मी वाकून नमस्कार केला. मॅडमनी उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "जा."

नुसतं 'जा'. इतके दिवस त्यांच्याकडं शिकून मला त्या एका अक्षरातलं काही कळेना. आशीर्वाद आहे, हुकूम आहे, की मी जाते म्हणून वाईट वाटतंय. मी वाट बघितली. नेहमीसारखं त्या पुढं काहीतरी सांगतील असं वाटलं. नुसता हात तसाच डोक्यावर होता.

मी अण्णांकडं बघितलं. ते समोरच्या खुर्चीत पुढं वाकून बसले होते. त्यांनी मॅडमच्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. घाई केली नाही.

"रडू आलंय तिला," ते म्हणाले. "पण जाच म्हणतीय. मनापासनं म्हणतीय."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या.